थंडीचा आकडा

बेळगावच्या थंडीवर दरवर्षी एक लेख लिहायचा, हे काम आमच्या दैनिकात माझ्याकडं कसं आलं ते आठवत नाही, पण आलं ते चिकटलं. दिवाळी सरली, पहिली बोचरी पहाट उजाडली की संपादक टेबलाजवळून जाताजाता म्हणायचे, "घ्या, तुमचा सीझन सुरू झाला." मग मी बसायचो. किल्ल्याच्या खंदकावरचं धुकं, कॅम्पातली जुनी झाडं, मिलिटरी महादेवाच्या आवारात कानटोपी घालून चालणारे पेन्शनर, रस्त्याकडेला रंगीबेरंगी स्वेटर टांगून बसलेल्या तिबेटी बायका, चहाच्या गाड्यापाशी ग्लास दोन्ही तळव्यांत धरून उभी असलेली माणसं. शेवटाकडं कुंदा, जागा उरलीच तर भात निघाल्यावर काळ्या रानात उगवलेलं शहापूर-वडगाव शिवारातलं मसूर. यातलं काहीच खोटं नव्हतं. दरवर्षी क्रम बदलायचा आणि फोटो नवा घ्यायचा, एवढंच.

लेख लोकांना आवडायचा. त्याचं कारण माझी लेखणी असं मी बरीच वर्षं समजत होतो. खरं कारण वेगळं असावं. आमच्याकडचा हिवाळा बातमीच्या दृष्टीनं भांडणाचा. १ नोव्हेंबरचा काळा दिन होतो न होतो तोच डिसेंबरात सुवर्ण विधानसौधात कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन, त्याच्या पहिल्या दिवशी महाराष्ट्र एकीकरण समितीचा महामेळावा, आणि त्याला परवानगी मिळणार की नाकारणार यावर आठवडाभर मथळे. मग १७ जानेवारी. १९५६ साली बेळगाव-निपाणीत जे गोळीबारात गेले त्यांना सकाळच्या गारठ्यात अभिवादन. अशा पानावर थंडी हा एकच विषय असा होता की ज्यावर मराठी आणि कन्नड माणसाचं दुमत नव्हतं. दोघांच्याही तोंडातून सारखीच वाफ निघायची. सीमाभागातल्या पत्रकाराला असा विषय मिळणं ही चैन होती, आणि मी ती मनसोक्त केली.

माझं मतही ठाम होतं. थंडी हे बेळगावचं भूषण. समुद्रसपाटीपासून सुमारे अडीच हजार फूट उंची, पश्चिमेला सह्याद्रीची कड, ना मुंबईचा घाम ना विजापूरचा उन्हाळा. १८१८ साली इंग्रजांनी किल्ला घेतला आणि पुढं इथं छावणी वसवली. त्यांना इथली हवा मानवली. १९२४ चं काँग्रेस अधिवेशन, गांधीजी अध्यक्ष असलेलं एकमेव, तेही इथंच भरलं आणि ऐन डिसेंबरात. 'गरिबांचं महाबळेश्वर' असं शहराला म्हणतात, आणि त्यात गरिबांचा उल्लेख असल्याचा मला उलट अभिमान होता: पैसे न मोजता मिळणारी हवा! जानेवारीत खऱ्या महाबळेश्वरात, वेण्णा तलावाकाठी दव गोठल्याचे फोटो आले की मला चक्क हेवा वाटायचा. सांबऱ्याच्या विमानतळावरून येणारा किमान तापमानाचा आकडा एक अंकी असला तर मथळ्यात जायचा, नसला तर मजकुरात कुठंतरी खाली. 'दहा पूर्णांक' असं काही आलं की आम्ही सगळे जरा खट्टू व्हायचो. पाऊण अंश कमी असता तर काय बिघडलं असतं, असं.

एकदा आमच्यातल्या एका पोरसवदा वार्ताहरानं सुचवलं होतं, "सर, यंदा स्टँडवर रात्री झोपणाऱ्यांवर करूया की." मी म्हटलं, "हे काय दिल्ली हाय काय? हितं थंडीनं कोण मरतंय?" मी हे चेष्टेनं बोललो नव्हतो. थंडीनं माणसं दगावतात ती उत्तरेत, आमच्याकडची थंडी स्वेटर बाहेर काढण्यापुरती, ही माझी प्रामाणिक समजूत होती. पोरगा पुढं काही बोलला नाही. पुढं तो पुण्याला गेला, चांगला नावारूपाला आला.

ते मत आज राहिलेलं नाही. एका रात्रीत गेलं असंही नाही. आधी ढासळला तो आकड्यावरचा विश्वास.

हवामान खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांशी गप्पा चालल्या होत्या. मी सहज विचारलं, हा आकडा तुम्ही मोजता तरी कुठं? त्यांनी कागदावर चित्र काढून दाखवलं. चार पायांवर उभी केलेली पांढरी लाकडी पेटी, तिच्या भिंती खिडकीच्या झडपांसारख्या, आत तापमापक, जमिनीपासून साधारण चार फुटांवर. ऊन थेट लागू नये, वारा खेळता राहावा आणि जगभर मोजमाप एकाच पद्धतीनं व्हावं म्हणून ही व्यवस्था. मग ते म्हणाले की निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आपली ऊब आकाशाकडं सोडत राहते, तिला लागून असलेली हवा सगळ्यात आधी गार होते, आणि म्हणून गवताच्या पात्यापाशी पेटीतल्यापेक्षा काही अंश कमी भरतात. पिकांसाठी ते तापमान निराळं मोजायची पद्धतसुद्धा आहे. सर्वांत गार वेळ मध्यरात्रीची नसते, उजाडायच्या सुमाराची असते. "तुम्ही छापता तो आकडा उभ्या माणसाच्या छातीपाशीचा," ते म्हणाले, "आडव्या माणसाचा नव्हे."

शहरातल्या डांबरी रस्त्याचं आणि फरशीचं गणित थोडं निराळं असतं, दिवसाचं ऊन ती दोन्ही काही वेळ धरून ठेवतात, हेही त्यांनी सांगितलं. शिवारात ती सवलत नाही.

थंडीची लाट कशाला म्हणायचं याचा नियमही त्यांच्याकडूनच नीट कळला. सपाट मुलखात किमान तापमान १० अंशांवर किंवा त्याखाली यायला हवं, शिवाय ते नेहमीच्यापेक्षा साडेचार अंशांनी तरी उतरलेलं हवं. नाहीतर मग सरळ ४ अंशांवर यायला हवं. बेळगावचा जानेवारीतला सरासरी किमान आकडा १४ च्या आसपास. म्हणजे ११ अंशांच्या रात्री आमच्याकडं कागदोपत्री काहीच घडलेलं नसतं. ना इशारा, ना सूचना. इतकी वर्षं मी ज्या आकड्यामागं धावलो तो कुणाच्या अंगाला लागतो, हा प्रश्न मला पडला नव्हता.

निपाणीचं सांगतो. निपाणीच्या तंबाखूवर पुष्कळ लिहिलं गेलं, ते भावाच्या अंगानं. १९८१ साली शरद जोशींच्या नेतृत्वाखाली हमरस्त्यावर जे आंदोलन झालं, त्यात ६ एप्रिलला गोळीबार होऊन शेतकरी बळी गेले, ते तिथं कुणी विसरलेलं नाही. विड्या वळणाऱ्या बायकांबद्दल लिहिलं गेलं ते मजुरीच्या अंगानं, आणि तेही रास्तच. मी गेलो होतो रविवारच्या पुरवणीसाठी. उन्हाला बसून विड्या वळणाऱ्या बायकांचा फोटो हवा होता. छान मिळाला. भिंतीला पाठ लावून ओळीनं बसलेल्या, मांडीवर सूप, सुपात तंबाखू, चेहऱ्यावर तिरपं ऊन. फोटोखालची ओळ तर मी वाटेतच जुळवून ठेवली होती: कोवळ्या उन्हाचा आनंद घेताना निपाणीच्या महिला.

त्यातल्या एका मावशींनी कात्री खाली ठेवली आणि बोटं माझ्यापुढं धरली. विडीचं पान वाळकं असलं तर वळताना फाटतं, म्हणून ते पाण्यात भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात. सकाळी तो गठ्ठा सोडायचा, पत्र्याचं माप ठेवून एकेक पान कात्रीनं कापायचं. मावशींच्या बोटांची टोकं पांढुरकी पडून सुरकुतली होती आणि नखांच्या कडेनं बारीक भेगा गेल्या होत्या, भेगांत तंबाखू शिरून त्या काळ्या झालेल्या. "उन्हाला हौसंनं बसतोय व्हय दादा? बोटं उघडस्तवर हजाराचा मेळ कसा लागायचा?" मजुरी हजार विड्यांवर. ऊन खाऊन बोटं सैल व्हायला जो वेळ जातो तो कुणाच्याच हिशेबात नसतो, मालकाच्याही नाही आणि माझ्याही नव्हता. परत येऊन मी फोटोखालची ओळ बदलली. फोटो तोच छापला, कारण तो खरंच सुरेख होता.

त्याच रस्त्यानं हिवाळ्यात येताजाता उसाच्या फडाकडेला कोप्या दिसतात. बीडकडची, विजापूरकडची तोडकरी कुटुंबं गाळपाचा हंगाम संपेपर्यंत तिथं असतात. बांबूची कमान, तिच्यावर ताडपत्री नाहीतर पाचट, खाली भुई. उजाडायच्या आत कोयता सुरू होतो. उसाच्या पाल्यावर दहिवर इतकं असतं की थोड्याच वेळात सदरा आणि लुगडं अंगाला चिकटतं, आणि त्या ओल्या कपड्यांनिशी ऊन वर येईपर्यंत तोडणी चालते. म्हणजे पेटीच्या खालची ती जी गार हवा, ती नेमकी यांच्या वाट्याची, आणि नेमक्या त्याच घटकेला. आम्ही गाळपाचे आकडे टनांत छापायचो, उतारा टक्क्यांत. कोपीतल्या तान्ह्या पोराला सकाळी किती अंश होते हे विचारायचं आम्हाला सुचलंच नाही, आणि सुचलं असतं तरी मोजणार कोण?

मग एका हिवाळ्यात नात्यातला एक माणूस दवाखान्यात होता आणि रात्रीची पाळी माझ्याकडं आली. कुठला दवाखाना ते लिहीत नाही, सगळ्याच मोठ्या दवाखान्यांच्या आवारात हेच चित्र असतं. आत रुग्णाजवळ एकालाच थांबता येतं. बाकीचे बाहेर. खानापूरचे, बैलहोंगलचे, चंदगडचे. चंदगड महाराष्ट्रात, पण तिथल्या माणसाला मोठं दुखणं निघालं की वाट बेळगावची, कोल्हापूर लांब पडतं. कन्नड आणि मराठी एकाच कट्ट्यावर, एकमेकांच्या पायाशी डोकं करून झोपलेली. माझ्या लेखातली ती बिनभांडणाची थंडी हीच.

चंदगडकडच्या एका गृहस्थांना कुठल्याशा मंडळानं दिलेलं ब्लँकेट होतं. ते त्यांनी पांघरलं नव्हतं. औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे पसरून त्यावर ब्लँकेटची घडी टाकली होती आणि तिच्यावर ते पडले होते. अंगावर घरची चादर आणि तिच्यावर बायकोचं जुनं लुगडं. मी विचारलं, असं उलटं का? ते उठून बसले. "वरनं न्हाई येत थंडी, खालनं येती. भुई वडून घेती माणसाला." मग त्यांनी चादरीचं टोक माझ्या हातात दिलं. ओलं होतं. "आणि हे दव. पाऊस परवडला, आवाज तरी करतोय."

ब्लँकेट वाटपाच्या बातम्या मी ढिगानं छापल्या आहेत. देणारा, घेणारा, मध्ये पदाधिकारी, आणि सगळे कॅमेऱ्याकडं बघणारे. देणाऱ्यांना नावं ठेवायची नाहीत, ते नसते तर ती घडीसुद्धा पाठीखाली आली नसती. पण डोक्यावर छप्पर नसेल तर पहाटेपर्यंत ब्लँकेट ओलं होतं, हे त्या फोटोत मावत नाही. त्या रात्री मी आवारात पाच-सहा जणांना विचारलं, बेघरांसाठी, परगावच्यांसाठी निवारा केंद्र असतं, ते कुठं आहे माहीत आहे का? एकालाही सांगता आलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता आलं नसतं.

मग मी वाचायला बसलो, जे आधी करायला हवं होतं. दिल्लीत २००९ च्या डिसेंबरात, भर थंडीत, बेघरांचा एक तात्पुरता निवारा पाडला गेला. ते प्रकरण जानेवारी २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढं गेलं आणि निवाऱ्याचा प्रश्न दिल्लीपुरता राहिला नाही. पुढं राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानात त्याचं मापच ठरलं: शहराच्या दर लाख लोकसंख्येमागं किमान १०० माणसांची सोय होईल असा कायमचा निवारा, बारा महिने, चोवीस तास. २०११ च्या जनगणनेत बेळगाव शहर पाच लाखांच्या जवळ पोचलेलं होतं. हिशेब तोंडी करता येतो. 'हे काय दिल्ली हाय काय' या माझ्या प्रश्नाचं उत्तर असं छापील स्वरूपात इतकी वर्षं पडून होतं.

२०२५ च्या नोव्हेंबरात बेळगावातच एका बंद खोलीत कोळसा पेटवून झोपलेले तीन तरुण गेले. ऊब मिळावी म्हणून पेटवलेला कोळसा. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटीहून अधिक ओढीनं त्याला धरतं, आणि झोपेतल्या माणसाला उठून दार उघडण्याइतकीही सूचना मिळत नाही. पूर्वी मी ही बातमी 'दुर्घटना' म्हणून पहिल्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात लावली असती आणि आतल्या पानावर धुक्याचा फोटो. दोन्हींचा संबंध जोडला नसता. मृत्यूच्या दाखल्यावर थंडी हे कारण सहसा लिहीतच नाहीत. तिथं गुदमरणं असतं, न्यूमोनिया असतो, हृदयविकार असतो. इथं थंडीनं कोण मरतंय, हे मी इतक्या खात्रीनं म्हणू शकलो ते त्यामुळंच.

मित्र म्हणतात, तू म्हातारा झालास म्हणून तुला थंडी बोचायला लागली. यात तथ्य नाही असं नाही. गुडघे डिसेंबरात मलाही मत बदलायला सांगतात. दुसरा एक आक्षेप अधिक वजनदार आहे: या गावात आधीच कमी वाद आहेत का, म्हणून आता थंडीचाही प्रश्न करायचा? खरं आहे, एक विषय होता गोडीचा. पण तो गोड राहिला तो माझ्यासारख्या दोन रजया अंगावर घेऊन झोपणाऱ्यांनी लिहिला म्हणून.

आणि शहराला काही येत नाही असंही नाही. पावसाळ्याची तयारी आमच्याकडं मृगाच्या आधी होते. नाले उपसतात, कौलं चाळतात, कुणाच्या घरात पाणी शिरतं याची यादी असते. २०१९ च्या ऑगस्टात जिल्ह्यात महापूर आला तेव्हा शाळांतून छावण्या उघडल्या, माणसांना अन्न-पांघरूण मिळालं. डिसेंबरात अधिवेशनाच्या बंदोबस्ताला परगावचे पोलीस येतात, त्यांच्यासाठी अलीकडं तंबूंची वसाहतच उभी राहते, खाटा आणि गरम पाण्यासकट. योग्यच आहे, रात्रपाळीच्या माणसाला ऊब मिळालीच पाहिजे. माझं म्हणणं एवढंच की तंबू ठोकायला कोण लागतो, खाट कुठून येते, पाणी कुणी तापवायचं, हे सगळं या गावाला ठाऊक आहे. अधिवेशन दहा-बारा दिवसांत संपतं, थंडी संक्रांतीनंतरही रेंगाळते.

मी थंडीचा वैरी झालेलो नाही. आजही पहाटे कानटोपी घालून निघतो, मिलिटरी महादेवापर्यंत जातो, येताना चहा घेतो. भोगीची भाजी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोण्याचा गोळा या तीन गोष्टींसाठी मला वर्षभर हिवाळा चालेल. मसुराला फुलं आली की शिवारात चक्कर असतेच, आणि धुकं जास्त दिवस राहिलं तर फुलगळ होईल म्हणून हळहळणाऱ्या शेतकऱ्याबरोबर मीही हळहळतो. यंदा पुरवणीसाठी नेहमीचा लेख मागितला तेव्हा नाही म्हटलं नाही. हा लिहून दिला.

वाचणाऱ्यांकडं माझं मागणं थोडकं आहे. बेळगाव असो, निपाणी असो की खानापूर, येत्या ऑक्टोबरात, थंडी पडायच्या आधी, आपल्या नगरसेवकाला विचारा की गावातला निवारा कुठं आहे, त्यात खाटा किती आणि दवाखान्याच्या दारात त्याचा पत्ता मराठी-कन्नडमध्ये लावलाय का. ब्लँकेट वाटणाऱ्या मंडळांनी त्यासोबत खाली अंथरायला एक जाड चटई आणि वर टाकायला प्लॅस्टिकचा कागद द्यावा. ब्लँकेटाच्या तुलनेत खर्च फार नाही. आणि घरात कोळशाची शेगडी असेल तर ती खोलीत नेऊन दार लावू नका. शेकायचं ते अंगणात शेका, आणि शेगडी बाहेरच विझवून आत झोपायला या.